बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा काम नक्की गेलं कुठे?

खतावणी

एआयच्या धाग्यावर जी हाणामारी चाललीय ती वाचून हा वेगळा धागा काढतोय. तिथे दोनच पक्ष दिसतात. एक म्हणतो सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. दुसरा म्हणतो, 'कॉम्प्युटर आले तेव्हाही असेच बोंबलत होते, काय वाकडं झालं?' या दुसऱ्या पक्षातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर येताना पाहिलेले नाहीत असा माझा दाट संशय आहे. मी पाहिलेत. बीएसआरबीची, म्हणजे बँकभरतीच्या मंडळाची, परीक्षा देऊन राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. लेजरच्या बाडापासून सीबीएसपर्यंत (सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर) सगळं काउंटरच्या आत बसून बघितलं.

तिशीतल्या सभासदांसाठी आधी काम काय होतं ते सांगतो. तुम्ही पैसे काढायची स्लिप दिलीत की तुमच्या हातात पितळी टोकन यायचं. स्लिप लेजर कीपरकडे. तो बाड उघडून तुमचं पान काढणार, शिल्लक बघणार, सही कार्डाशी ताडणार, रक्कम वजा करून नवी शिल्लक लिहिणार. मग ऑफिसरची सही, मग स्क्रोलमध्ये नोंद, मग कॅशिअर टोकनाचा नंबर पुकारणार. संध्याकाळी डे बुक. आणि महिन्यातून एकदा बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लका उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकत्रित हिशोबाच्या बाडाशी, जुळवायची. पहिल्या फटक्यात जुळली तर तो दिवस सणाचा. नाही जुळली तर फरक शोधा. फरक नऊने भागला जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत. नऊने जात नसेल तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, म्हणजे जमेची रक्कम चुकून खर्चाच्या, म्हणजे 'नावे' बाजूला पडलीय का ते कळतं. हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. हेड क्लार्कने पहिल्याच महिन्यात शिकवलं आणि वर एक शिवी दिली.

व्याजाचंही तसंच. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वात कमी शिल्लक धरायची, तिला म्हणायचं प्रॉडक्ट. सहा महिन्यांच्या प्रॉडक्टांची बेरीज, दर ५ टक्के असताना तिला २४० ने भागलं की व्याज. हे शाखेतल्या प्रत्येक खात्यासाठी, हाताने, वर्षातून दोनदा.

बँकांत संगणक कसे आणायचे ते सांगणाऱ्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. त्याच दशकात युनियन आणि बँकांचे करार झाले. कुठे यंत्र बसवायचं, किती बसवायची, चालवणाऱ्याला भत्ता किती, सगळं कागदावर ठरलेलं. आमच्याकडे पहिलं आलं ते एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगचं यंत्र. त्याच्यासाठी खास एसी केबिन. मॅनेजरच्या केबिनमध्ये पंखा गरगरतोय आणि यंत्राला एसी! आत जाताना चपला बाहेर काढायच्या. शिपाई आत जाताना हातही जोडायचा, ते थट्टेने की मनापासून ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मुद्दा. आमच्यातल्या एकालाही कॉम्प्युटरमुळे कामावरून काढलं नाही. 'काय वाकडं झालं' म्हणणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे. पण नव्वदच्या दशकात भरती आटली, आणि २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा सरकारी बँकांतून सुमारे १ लाख माणसं बाहेर पडली. जी जागा रिकामी झाली ती रिकामीच राहिली. माझ्या वडिलांच्या ओळखीतल्या चार घरांतली मुलं बँकेत लागली होती. माझ्या ओळखीतल्या घरांतली मुलं बीएसआरबीचे अर्ज भरून वय उलटेपर्यंत थांबली. त्यांची नोकरी 'गेली' असं कुणी म्हणत नाही, कारण ती त्यांना मिळालीच नव्हती.

आणि काम? माझ्या मते निम्मं यंत्राकडे गेलं, निम्मं तुमच्याकडे. घरी सोफ्यावर बसून तुम्ही खातेनंबर, आयएफएससी टाकून पैसे पाठवता ना, तो आमचा ट्रान्सफर काउंटर. पगाराशिवाय चालवताय तुम्ही.

अनुभव लिहा. बँकच हवी असं नाही.

---

चिवडेवाला

काका, लेख झकास. पण तुमचा पितळी टोकनांचा काळ म्हणजे आमच्या वडिलांची अर्धी रजा होती हो. दहाला बँक उघडणार, साडेदहाला साहेबांचा चहा, आणि 'लेजर बॅलन्सिंगला गेलंय, उद्या या'. पुण्याहून लातूरला बहिणीला पैसे पाठवायचे तर डीडी काढा, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, तिने तो भरावा, मग वटेपर्यंत वाट बघा. शाखा बदलली तर खातं बदला. आता दोन सेकंदांत पैसे जातात. आम्ही बिनपगारी क्लार्क तर बिनपगारी, चालेल!

---

उपटसुंभ

युनियनवाल्यांनी देश वीस वर्षं मागे ठेवला एवढं साधं सत्य लिहायला एवढा मोठा लेख कशाला?

---

खतावणी

@चिवडेवाला, बरोबर. तो सुवर्णकाळ होता असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उलट तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. वर जो १० तारखेचा नियम सांगितला तो ३१ मार्च २०१० पर्यंत होता. समजा खात्यात १ तारखेपासून १ लाख रुपये आहेत आणि २५ तारखेनंतर तुम्ही १,००० ठेवून बाकी काढलेत, तर त्या महिन्याचं व्याज फक्त हजारावर. तेव्हाच्या ३.५ टक्के दराने तीन रुपयेसुद्धा नाहीत. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं. त्याच महिन्याचे त्याच दराने सुमारे २४० रुपये झाले असते. हाताने रोजचं प्रॉडक्ट काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणजे आमच्या सोयीसाठी केलेल्या नियमाचा भुर्दंड पिढ्यान्‌पिढ्या खातेदार भरत होता, आणि तो कॉम्प्युटरमुळे सुटला.

@उपटसुंभ, साठच्या दशकात कोलकात्याला एलआयसीच्या इलाको हाउसमध्ये संगणक येऊ नये म्हणून कर्मचारी पहारा देत बसले होते, ते मी लपवत नाही. पण ऐंशीच्या दशकातले बँकांचे करार वाचा. त्यात 'नको' नाहीये, 'इतकं, इथे आणि या अटीवर' असं आहे. त्याच दशकात मुंबईत चेकच्या क्लिअरिंगला एमआयसीआर, म्हणजे चेकवरचे आकडे यंत्राने वाचायची पद्धत, आलीच की. घासाघीस करणं आणि विरोध करणं यात फरक असतो.

---

रानजाई

मीही बँकेतलीच, मराठवाड्यातल्या एका शाखेतून निवृत्त. खतावणींनी लेजरची बाडं उचलण्याचा विषयच काढला नाही, कारण त्यांच्याकडे ती शिपाई आणून देत असावा! आमच्याकडे शिपाई एक आणि लेजरं पंचवीस. सातव्या महिन्यातही मी ती उचलली आहेत. क्लोजिंगला रात्रीचे दहा वाजायचे, घरी सासूबाईंचा चेहरा बघवायचा नाही. कॉम्प्युटर आला त्याचा आनंद आम्हा बायकांना किती झाला हे कुठल्या समितीच्या अहवालात यायचं नाही.

पण त्याच कॉम्प्युटरने एक घोळ करून ठेवलाय. जुन्या खात्यांची माहिती भरायचं काम आलं तेव्हा आम्ही चौघी आणि बाहेरून आणलेली दोन पोरं, दिवसाला अमुक इतकी खाती उरकायची असा दट्ट्या. खातेदाराने मराठीत सही केलेली, अर्ज मराठीत, आणि नाव टाकायचं इंग्रजीत. शिंदे कुणी एका स्पेलिंगने, कुणी दुसऱ्या. मधलं नाव बसलं नाही तर अर्धवट तोडलेलं. बाईचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं. तेव्हा वाटलं, काय फरक पडतो, माणूस तर समोर उभा आहे. पुढे पॅन आलं, आधार आलं, अनुदान थेट खात्यात यायला लागलं, आणि त्या एका अक्षरापायी किती जणींनी किती खेटे घातले असतील देव जाणे.

---

बिटबाईट

रानजाई, तुम्ही भरलेली ती माहिती नंतर आमच्या बोकांडी बसली :) मी सीबीएस मायग्रेशनच्या टीममध्ये होतो. शनिवारी शाखा बंद झाली की जुन्या सिस्टीममधून डेटा उचलायचा, रविवारी रात्रभर तपासायचा, सोमवारी सकाळी शाखा नव्या सिस्टीमवर उभी. जमलं नाही तर सोमवारी पब्लिक दारात.

त्या डेटात काय काय बघितलं! सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख सक्तीची केली होती. लेजरच्या जमान्यात ती कुणी विचारलेलीच नव्हती. मग काय, १ जानेवारीला निम्मं गाव जन्मलेलं. फोन नंबरच्या जागी दहा वेळा नऊ. नॉमिनीच्या रकान्यात 'स्वतः'. मागितलं की माणूस काहीतरी भरतोच आणि एकदा भरलं की ते खरं ठरतं. पुढच्या सिस्टीमला कसं कळणार की ही तारीख एका कंटाळलेल्या पोराने टाकलीय?

आणि एक श्रेय राहून जातंय. बँका स्वतःहून एवढ्या वेगाने हलल्या नव्हत्या. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना बजावलं होतं की १ जानेवारी २००१ च्या आत निदान ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा. कारण दिलं होतं भ्रष्टाचाराचं. कागदाच्या ढिगात लपवणं सोपं असतं, हा त्यांचा मुद्दा. १९९२ चा रोखे घोटाळा तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजा होता.

---

कट्टर_मध्यमवर्गीय

मग घोटाळे थांबले का? पंजाब नॅशनल बँकेच्या (पीएनबी) मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं २०१८ चं प्रकरण कॉम्प्युटर असतानाच झालं ना?

---

बिटबाईट

झालं, आणि कसं झालं ते बघण्यासारखं आहे. परदेशी बँकांना हमीचे संदेश जायचे स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून, आणि स्विफ्ट सीबीएसला जोडलेलंच नव्हतं. संदेश पाठवायचा एका यंत्रावरून, नोंद करायची दुसऱ्या यंत्रावर, आणि दोन्ही जुळतात का हे बघणार माणूस. नोंद केलीच नाही तर सीबीएसच्या दृष्टीने व्यवहार झालाच नाही. वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे खतावणींच्या जनरल लेजरशी जुळवण्याच्या पायरीलाच फाटा दिला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेचं झालं ते उलट्या बाजूने. तिथे चोर बाहेरचे. एटीएमच्या विनंत्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचूच दिल्या नाहीत, मधेच खोटा होकार. २८ देशांत एटीएममधून पैसे निघाले, वर हाँगकाँगला स्विफ्टने पाठवले, सगळे मिळून ९४ कोटी. टोकनाच्या काळात एवढे पैसे उचलायला ट्रक लागला असता.

---

लंडनची_थंडी

धागा छान चाललाय. इथलं एक प्रकरण लिहिते, कारण 'कॉम्प्युटर सांगतो ते खरं' याचं त्याच्याइतकं भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

ब्रिटनमध्ये गल्लीबोळातली पोस्ट ऑफिसं सब-पोस्टमास्तर चालवतात. बऱ्याचदा वाण्याचं दुकान आणि त्यातच एक काउंटर. यात आपल्याकडचे लोक पुष्कळ. १९९९ पासून तिथे होरायझन नावाची हिशोबाची सिस्टीम आली, फुजित्सूची. रोजचा हिशोब बंद करताना पडद्यावर तूट दिसायला लागली. प्रत्यक्षात पैसे कुठेच गेले नव्हते, चूक सॉफ्टवेअरची होती. पण करारात होतं की तूट सब-पोस्टमास्तरने भरायची. लोकांनी घरं गहाण टाकून भरली. हेल्पलाइनला फोन केला की उत्तर, हे फक्त तुमच्याकडेच होतंय. ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब या गुन्ह्यांखाली शिक्षा झाल्या. एक भारतीय वंशाची बाई २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेली. काहींनी जीव दिला.

आणि न्यायालयं तरी काय करत होती? इथल्या कायद्यात कॉम्प्युटर बरोबर चालतोय असंच गृहीत धरतात. तो चुकलाय हे सिद्ध करायचं आरोपीने. त्याच्याकडे ना सॉफ्टवेअर, ना नोंदी. ५५५ जणांनी मिळून खटला लढवला, २०१९ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं, तेही टीव्हीवर मालिका येऊन बोंब झाली तेव्हा.

माझा नवरा म्हणतो, तुमच्याकडच्या त्या नऊने भागणाऱ्या हेड क्लार्कला पाठवलं असतं तर आठवड्यात प्रकरण संपलं असतं. तसं नाही. लेजर त्याला उघडून बघता यायचं. इथे लेजरच फुजित्सूच्या ताब्यात होतं.

---

खतावणी

@लंडनची_थंडी, शेवटचं वाक्य जबरदस्त. मला धाग्यात जे म्हणायचं होतं ते तिथे आहे. माझ्या काउंटरवर कुणी भांडायला आला की मी बाड उचलून त्याच्यासमोर उलटं करून ठेवायचो. बघा, हे तुमचं पान, ही माझी अक्षरं, ही साहेबांची सही, कुठे चुकलं दाखवा. चूक माझी असेल तर तिथल्या तिथे लाल शाई. आज काउंटरवरची मुलगी काय म्हणते? 'सर, सिस्टीममध्ये असंच दिसतंय.' ती खोटं बोलत नाही. तिलाही तेवढंच दिसतं.

आपल्याकडे निदान रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात एक गोष्ट केली. खात्यातून तुमच्या नकळत ऑनलाइन पैसे गेले तर जबाबदारी ग्राहकाची आहे हे बँकेने सिद्ध करायचं. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, यंत्रणेत भलतीकडेच आहे, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. हे छापून फ्रिजवर लावा. मात्र ओटीपी स्वतः सांगितलात तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या गळ्यात.

---

चिवडेवाला

आणि चुकीच्या खात्यात पाठवले तर? माझ्या मेव्हण्याने एक आकडा चुकवला, नाव बरोबर होतं तरी पैसे भलत्याकडेच गेले. बँक म्हणाली आम्ही नाव बघतच नाही!

---

खतावणी

खरं आहे, ऑनलाइन पाठवलेले पैसे फक्त खातेनंबरावर जमा होतात. पूर्वी व्हाउचरवर नाव आणि नंबर जुळला नाही तर जमा करणारा क्लार्क ते बाजूला काढायचा, नाहीतर ऑफिसर त्याच्या अंगावर फेकायचा. तो क्लार्क काढला आणि नजरही गेली. आता एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे. मेव्हण्याला सांगा, नाव वाचल्याशिवाय बटण दाबू नको. हे काउंटरचंच काम, तुमच्याकडे आलंय म्हणून सांगतोय.

---

पीओ_२०१९

आत्ता बँकेत असलेल्या माणसाने लिहायला हवं म्हणून आयडी काढला. सर, तुमच्याकडे संध्याकाळी बेरीज जुळली की दिवस संपायचा. आमचा डे-एंड सिस्टीम करते, पण दिवस संपत नाही. सकाळी डॅशबोर्ड उघडला की शाखेचा नंबर रिजनमध्ये कितवा ते लाल अक्षरांत. किती विमे विकले, किती ॲप डाउनलोड करून घेतले, किती कार्डं. दुपारी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शून्यवाल्या शाखांनी कारण कळवावे'. शाखेत आम्ही चार जण. पूर्वी तिथे बावीस होते असं जुने ग्राहक सांगतात.

कॉम्प्युटरने हिशोब हलका केला हे शंभर टक्के मान्य. पण आमचा प्रत्येक क्लिक नोंदला जातो आणि वर बसलेला माणूस ते घरबसल्या बघतो. तुमचा मॅनेजर निदान उठून काउंटरपर्यंत यायचा.

आणि 'सिस्टीममध्ये असंच दिसतंय' हे मीही दिवसातून दहादा म्हणतो. चार्ज का कापला हे मला खरंच शोधून काढता येतं, वीस मिनिटं लागतात. मागे रांग असते.

---

रानजाई

पोरा, जेवत जा वेळेवर. बाकी सगळं होतं.

---

तालुक्याचा

सगळे शहरातले बोलतायत म्हणून लिहितो. आमच्या बीड जिल्ह्यात बँक म्हणजे आता बँकमित्र. चहाच्या टपरीशेजारी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचा अंगठा कोयत्याने घासून गुळगुळीत झालेला असतो. मशीन म्हणतं जुळत नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट, बोट पाण्यात बुडवून, डोक्याच्या तेलाला लावून. शेवटी नाही म्हणजे नाही. त्याचे स्वतःचे पैसे, तो स्वतः समोर उभा, मशीनवाला त्याला लहानपणापासून ओळखतो.

तरी दुसरी बाजू सांगतो. माझ्या आजीला पगारीसाठी, म्हणजे निराधारच्या पैशासाठी, तालुक्याला जावं लागायचं. गाडीभाडं शंभर, जेवण वेगळं, आणि तिथे 'आज कॅश संपली'. आता गावात मिळतात. अंगठा जुळला तर पाच मिनिटं. खेटा सुटला हे खरंच, आणि ज्याचा जुळत नाही त्याला आधी तालुक्याला दाद मागता यायची, आता कुणाकडे मागायची तेही खरंच. बँकमित्र म्हणतो माझ्या हातात नाही, बँक म्हणते आधार केंद्रात जा, आधार केंद्र म्हणतं सर्व्हर डाऊन.

---

उपटसुंभ

बरं, युनियनचं मागे घेत नाही, पण धागा वाचनीय आहे.

---

मोगरा

जरा अवांतर. आईच्या कपाटात आजोबांचं १९८७ चं पासबुक सापडलंय. हाताने लिहिलेलं, शेवटची शिल्लक चार आकडी. खातेनंबर फक्त चार अंकी. शाखेत नेलं तर काउंटरवरच्या मुलाने तो टाकून बघितला आणि म्हणाला असं खातंच नाही. सोडून द्यायचं का?

---

खतावणी

अजिबात नाही. मायग्रेशनला नंबर बदलले, तुमचा जुना लेजर नंबर नव्या सिस्टीममध्ये तसाच टाकून काही निघणार नाही. जुन्या-नव्या नंबरांची यादी असते, काउंटरवर न विचारता मॅनेजरला भेटून तीच मागा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली असते, पण वारसाचा हक्क जात नाही आणि पैसे मिळतात ते तुमच्या बँकेमार्फतच. जायच्या आधी घरीच रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर आजोबांचं नाव शोधा. जन्मतारीख किंवा पॅनसारखं एखादं ओळखपत्र विचारेल. नाव निरनिराळ्या स्पेलिंगने टाकून बघा, रानजाईबाईंनी का ते वर लिहिलंच आहे.

---

बिटबाईट

आणि जन्मतारीख खरी चालली नाही तर १ जानेवारी टाकून बघा. मी थट्टा करत नाहीये.